तक्रारीनंतरच्या सकाळचं काय?




२५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचार थांबवण्यासाठीचा दिवस आणि ३ डिसेंबर हा दिव्यांगांचा दिवस. दोहोंत अंतर जेमतेम आठ दिवसांचं. पहिला कार्यक्रम महिला व बालविकास खातं करतं, दुसरा दिव्यांगांचं खातं. पहिल्या कार्यक्रमात हुंड्यावर, दारुड्या नवऱ्यावर, सासरच्या छळावर भाषणं होतात. दुसऱ्यात तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रं वाटली जातात, फोटो निघतात, पेपरात येतात. दोन्ही चांगलंच आहे, नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण जी बाई दिव्यांग आहे आणि घरात मारही खाते, तिचं नाव दोन्हीकडे निघत नाही. एका खात्याला वाटतं ती दुसऱ्याची, दुसऱ्याला वाटतं ती पहिल्याची. आज तिच्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

अशा बायका थोड्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांत स्त्रिया सुमारे १ कोटी १८ लाख. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार आठच धरले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले. म्हणजे खरा आकडा याहून मोठा असणार, हे सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही. आणि यातली बहुतेक माणसं शहरात नाहीत, खेड्यापाड्यांत आहेत.

शिक्षकाच्या नोकरीत शाळेबाहेरची कामं भरपूर असतात. जनगणना, मतदारयादी, पटनोंदणी. त्यामुळे पॅरिश शाळेत असताना लोकांच्या ओसरीवरच नाही, तर पार माजघरापर्यंत जाणं झालं. 'घरात माणसं किती?' असं विचारलं की यजमान बोटं मोजून आकडा सांगायचे, आणि आतून कोणीतरी हळूच म्हणायचं, 'आणि ती धाकटी?' मग उत्तर यायचं, 'हां, ती एक आहे, पण तिचं काय लिहिता बाई!' हे वाक्य किती घरांत ऐकलं त्याची गणती नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा फरक त्यात मला कुठे दिसला नाही. जिची घरातच मोजदाद नाही, तिला मारलं की नाही हे बाहेर कोण विचारणार?

बरं, मार म्हणजे हातच उगारायला हवा असं नाही. चालता न येणाऱ्या मुलीची कुबडी हाताला लागणार नाही अशी ठेवून दिली, की ती दिवसभर एका कोपऱ्यात. वरचेवर न्हाणीघरात न्यावं लागतं म्हणून तिला पाणीच कमी द्यायचं. ऐकू न येणाऱ्या सुनेचं यंत्र कपाटात बंद. मनोरुग्ण बहिणीला गोळी एकाऐवजी दोन, म्हणजे ती झोपून राहते आणि घर शांत. पेन्शन तिच्या नावावर येते, पण पासबुक भावाकडे. लैंगिक अत्याचार तर आहेतच, आणि ते करणारा बहुतेक वेळा ओळखीतला, घरात ये-जा असलेला माणूस असतो.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ वाचून बघा. जिचा सांभाळ आपल्या हाती आहे तिला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं, तिच्या आधाराच्या साधनाची मोडतोड करणं किंवा ते वापरू न देणं, हे तिथे गुन्हे म्हणून स्पष्ट लिहिले आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, वर दंड. कुबडी काढून घेणं हा गुन्हा आहे, हे आपल्या तालुक्यातल्या किती पोलीस ठाण्यांत माहीत असेल? आणि आपल्यापैकी तरी कितीजणांना माहीत होतं?

आता मूळ मुद्दा. धडधाकट बाईला नवऱ्याने मारलं तर ती निदान रात्री शेजारी जाऊ शकते, पहाटेच्या एस.टी.ने माहेर गाठू शकते. तेही सोपं नसतं, पण पाय चालतात, तोंड बोलतं. दिव्यांग बाईच्या बाबतीत मारणारा हात आणि भरवणारा हात पुष्कळदा एकच असतो. तिनं तक्रार केली, पोलीस आले, भावाला ठाण्यावर घेऊन गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवणार कोण? अंघोळ कोण घालणार? औषध कोण देणार? म्हणून ती गप्प बसते. तिला कायदा माहीत नाही म्हणून नव्हे. तिला उद्याची सकाळ माहीत असते म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडची सगळी संरक्षणव्यवस्था तक्रारीच्या दिवसापुरती उभी केलेली आहे. तक्रारीनंतरच्या सकाळचा विचार त्यात नाही. तो झाला नाही तर आणखी दहा कायदे केले तरी ही बाई तोंड उघडणार नाही.

कायदे काय काय आहेत ते थोडक्यात सांगते, कारण ते कळले तरच मागता येतात.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. लोकांना वाटतं तो फक्त नवऱ्याविरुद्ध आहे. तसं नाही. बहीण भावाविरुद्ध, मुलगी बापाविरुद्ध दाद मागू शकते. पूर्वी त्यात 'प्रौढ पुरुष' असे शब्द होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकले. त्यामुळे भावजयीचा त्रास असेल तर तिच्याविरुद्धही अर्ज होतो. पैसे अडवून ठेवणं हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे, तिला स्वतः जाता येत नसेल तर शेजारी, शिक्षक, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही कारवाई होत नाही.

हा संरक्षण अधिकारी कुठे भेटतो? आपल्या कर्नाटकात हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे दिलेलं आहे. म्हणजे ज्यांच्याकडे सगळ्या तालुक्याच्या अंगणवाड्या, पोषण आहार, सभा आणि अहवाल आहेत, त्यांनीच मार खाणाऱ्या बाईच्या घरीही जायचं. त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. एका शिक्षकाला चार वर्ग दिले तर काय होतं ते मी जाणते. स्वतंत्र अधिकारी नेमायलाच हवा.

दुसरी वाट फारच थोड्यांना माहीत आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा छळ झाला, चालू आहे किंवा होईल असं वाटलं, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तालुक्याचे तहसीलदार. त्यांनी लगेच तो छळ थांबवायचा, गरज असेल तर तिची सुटका करायची, तिची इच्छा असेल तर सुरक्षित जागी ठेवायचं, तिच्या पोटगीचाही हुकूम करायचा. सात-बाऱ्यासाठी आणि जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसीलदार कचेरीचे उंबरे झिजवतो, पण याच कामासाठी कोणी त्या कचेरीत गेल्याचं ऐकलं आहे का? मी तरी नाही ऐकलं.

तिसरी गोष्ट पोलिसांची. २०१३ च्या दुरुस्तीनंतर, आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेतही, लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत दिव्यांग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी घ्यायची, दुभाषा किंवा विशेष शिक्षक बरोबर असायला हवा आणि त्याचं चित्रीकरण व्हायला हवं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण तो त्या ठरावीक गुन्ह्यांपुरता. उपाशी ठेवणं, कोंडून घालणं, मारहाण, यांची फिर्याद द्यायची तर तिनं ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या. ही सोय सगळ्याच छळाच्या तक्रारींना मिळायला हवी.

इथे आपल्या सीमाभागाची एक खास अडचण येते. ठाण्यातला कागद कन्नडमध्ये, बाई बोलणार मराठी, आमच्याकडच्या कितीतरी घरांत कोकणी, काही घरांत उर्दू. बोलणाऱ्या माणसाचीच यात त्रेधा उडते. मग जी जन्मापासून बहिरी आहे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अधिकृत खुणांची भाषाही शिकलेली नाही, तिचं काय? तिच्या खुणा घरातल्या. त्या कळतात आईला, नाहीतर भावजयीला. पोलीस म्हणतात, घरचं कोणीतरी आणा, ती काय सांगते ते सांगायला. आणि त्रास घरातूनच असला तर? जिच्याविरुद्ध तक्रार, तीच तिची जीभ! भाषेसाठी आपण इतकी वर्षं हट्टाने बोलतो, ते बरोबरच आहे. पण आपल्याच गल्लीत एखादी अशी आहे जिला कुठलीच भाषा मिळाली नाही, तिच्यासाठीही कधी आवाज काढायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी एक निकाल दिला, तो आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. आंध्र प्रदेशातल्या कर्नूल जिल्ह्यातली १९ वर्षांची मुलगी, जन्मापासून दृष्टिहीन. २०११ मध्ये तिच्याच घरात तिच्यावर बलात्कार झाला. करणारा तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. तिनं त्याला आवाजावरून ओळखलं. दिसत नसताना ओळखणार कशी, असा प्रश्न आरोपीच्या बाजूने विचारला गेला. न्यायालयाने सांगितलं की दिव्यांग स्त्रीची साक्ष केवळ ती दिव्यांग आहे म्हणून कमी वजनाची धरता येणार नाही, आणि शिक्षा कायम ठेवली. तेवढ्यावर न थांबता न्यायाधीशांना व सरकारी वकिलांना प्रशिक्षण द्यावं, पोलिसांजवळ विशेष शिक्षकांची आणि दुभाष्यांची यादी असावी, गुन्ह्यांच्या आकडेवारीत अपंगत्वाची वेगळी नोंद ठेवण्याचा विचार व्हावा, असंही म्हटलं. पुढे २०२२ मध्ये, अशा साक्षीदारांना न घाबरता साक्ष देता यावी म्हणून प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वेगळं केंद्र असावं, असा आदेशही झाला.

तर प्रश्न कायद्याचा राहिलेला नाही. प्रश्न आहे खाटेचा, संडासाचा, जिन्याचा आणि माणसाचा.

२०१५ पासून प्रत्येक जिल्ह्यात 'सखी' वन स्टॉप सेंटर ही योजना आहे. एकाच छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय. कल्पना उत्तम. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी. अथणीच्या बाजूच्या बाईला बेळगाव शंभर किलोमीटरहून लांब पडतं. चाकाच्या खुर्चीवरची बाई एवढ्या लांब कशी येणार? आली तर पाच दिवसांनी कुठे जाणार?

एका मुलीसाठी आम्ही काहीजण मागे धावपळ करत होतो. संस्थांची नावं घेत नाही. निवारागृहाने सांगितलं, 'बाई, आमच्याकडे उठवणारं-बसवणारं माणूस नाही.' दिव्यांगांच्या वसतिगृहाने सांगितलं, 'पोलीस केस असलेली नको, उद्या तिचे नातेवाईक दारात येऊन दंगा करतील.' दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खोटं नव्हतं. पण मधल्यामधे मुलगी परत त्याच घरात गेली. वास्तविक २००५ चाच कायदा म्हणतो की संरक्षण अधिकाऱ्याने मागितल्यावर निवारागृहाने जागा द्यायलाच हवी. दिव्यांग आहे म्हणून नको, अशी सूट त्यात कुठेही नाही. म्हणून जिल्ह्यात निदान एक निवारागृह तरी असं हवं जिथे उतरण आहे, खुर्ची आत जाईल एवढा संडास आहे, आणि रात्रंदिवस मदतनीस बाई पगारावर आहे. त्या मदतनिसाचा पगार ही चैन नाही, तेच खरं संरक्षण आहे.

आणखी एक पायरी पुढे जाऊन म्हणते. प्रत्येक वेळी तिलाच घरातून का हलवायचं? घर तिचंही आहे. त्या घरात राहण्याचा हक्क कायद्याने तिला दिलेला आहे, आणि छळणाऱ्याला बाहेर काढण्याचा हुकूमही न्यायाधीश देऊ शकतात. त्या दिवसापासून महिना-दोन महिने सरकारने तिच्या घरी मदतनीस पाठवली, तर तिच्या आयुष्याची उलथापालथ न होता ती सुरक्षित राहील. खर्चही संस्थेत ठेवण्याहून फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

संस्था म्हणजे सुरक्षित, हाही भ्रमच. १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं चंडीगडचं प्रकरण सरकारी निवाऱ्यातल्याच मुलीवरच्या अत्याचाराचं होतं. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्यातलं कलम १६ म्हणतं की दिव्यांगांसाठीच्या सर्व सेवांवर स्वतंत्र देखरेख हवी. ही देखरेख सरकारी गृहांवर हवी, खासगी संस्थांवर हवी आणि आपल्या सिस्टरांनी चालवलेल्या संस्थांवरही हवी. ज्यांचं काम चोख आहे त्यांना बाहेरच्या डोळ्यांची भीती वाटायचं कारण नाही. उलट त्यांनीच पुढे होऊन दार उघडावं.

कोणी म्हणेल, 'घरची प्रकरणं चव्हाट्यावर कशाला? भाऊ सांभाळतोय हेच खूप आहे.' हे मी चांगल्या, भल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. सांभाळणं कठीण असतं हे मान्य. सत्तरीतली आई चाळिशीच्या मुलीला एकटी उचलते, वर्षानुवर्षं तिला एक दिवस सुटी नाही, अशी घरं आपल्या पॅरिशमध्येही आहेत. अशा आईला आधार द्यायला हवा. आठवड्यातले दोन दिवस तरी मुलीला ठेवता येईल असं केंद्र तालुक्याच्या गावी हवं. दमलेल्या माणसाचा हात चुकून उगारला जाण्याआधीच त्याला विसावा मिळाला, तर पुष्कळ काही टळेल. पण दमणूक वेगळी आणि पेन्शन खाऊन उपाशी ठेवणं वेगळं. पहिल्याला मदत हवी, दुसऱ्याला कायदा. 'सांभाळतोय' या एका शब्दाखाली दोन्ही झाकू नका. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता असलेल्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून देते. तो पालक छळ किंवा हेळसांड करत असेल तर त्याला काढताही येतं. म्हणजे सांभाळणाऱ्यालाही जाब विचारता येतो.

आपल्या राज्यात एक गोष्ट अशी आहे जिचा उपयोग उद्यापासून करता येईल. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसती कार्यकर्ते नेमलेले आहेत आणि त्यांच्यावर तालुक्याला एक कार्यकर्ता आहे. हे स्वतः दिव्यांग असतात, तुटपुंज्या मानधनावर काम करतात. गावातल्या कुठल्या घरात कोण दिव्यांग आहे, हे त्यांना तोंडपाठ. आज त्यांचं काम दाखले, पेन्शन, ओळखपत्र एवढ्याभोवती फिरतं. त्यांना प्रशिक्षण द्या, मानधन वाढवा, बाईकडे जायला बाई कार्यकर्ती द्या, आणि एकच काम सांगा: दोन महिन्यांतून एकदा प्रत्येक दिव्यांग स्त्रीला तिच्या घरच्यांशिवाय, एकटीला भेटा. कुबडी जवळ आहे का, जेवली का, पासबुक कोणाकडे आहे, एवढं बघा आणि संरक्षण अधिकाऱ्याला कळवा. ती ठाण्यापर्यंत येऊ शकत नाही, तर ठाण्याने तिच्यापर्यंत जायचा हा सगळ्यांत स्वस्त रस्ता आहे.

दुभाष्यांचंही तसंच. मूकबधिर शाळांतले आजी-माजी शिक्षक, विशेष शिक्षक यांची तालुकावार यादी करायला किती दिवस लागतात? मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू कोणाला काय येतं ते लिहा, येण्या-जाण्याचं भाडं आणि मानधन ठरवा, आणि घरातल्या माणसाला दुभाषा करायचं नाही असा नियम करा. अडीअडचणीला मोबाइलवर समोरासमोर बघूनही खुणा समजून घेता येतात.

आणि आपण? आपल्यातले पुष्कळजण घरभेटीला जातात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद जातात, सिस्टर जातात, आजाऱ्यांना भेटायला बायका जातात. गेलात की आतल्या खोलीतल्या त्या मुलीशी पाच मिनिटं एकटीशी बसा. काही खटकलं तर समजूत घालून, प्रार्थना करून तिला तिथेच सोडून येऊ नका. स्त्रियांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक वहीत लिहून ठेवा. दिव्यांगांना आणि स्त्रियांना ही मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. फोनवर बोलणं जिला जमत नाही तिच्या वतीने तुम्ही बोला. आणि लेखी अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका, हे चाळीस वर्षांच्या सरकारी पत्रव्यवहारातून शिकलेलं शहाणपण आहे.

जिल्हा प्रशासनाला एकच विनंती आहे. यंदा २५ नोव्हेंबरला आणि ३ डिसेंबरला दोन वेगळे मांडव घालू नका. दोन्ही खात्यांनी एकत्र बसून प्रत्येक तहसीलदार कचेरीच्या आणि पोलीस ठाण्याच्या दारावर एक फलक लावावा, सगळ्यांना वाचता येईल अशा भाषांत. त्यावर संरक्षण अधिकाऱ्याचं नाव, दुभाष्यांची यादी, आणि दिव्यांग स्त्रीला आज रात्री मदतनिसासह ठेवून घेईल अशा निवारागृहाचा पत्ता असावा. पहिल्या दोन गोष्टी आठवड्यात लिहिता येतील. तिसऱ्या ओळीत लिहायला काही नसेल, तर निदान ती ओळ रिकामी ठेवा. म्हणजे काय करायचं राहिलं आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज दिसेल.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव